पुढच्या पाळीचा माणूस

सुरतेच्या गिरणीत रंगखात्यात काही वर्षं काढून मी दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावी परत आलो. बी.एस्सी. होतो, म्हणून शाळेने विज्ञान शिकवायला घेतलं. अट एकच, बी.एड. करायचं. नोकरी सांभाळून ते मुक्त विद्यापीठातून करता येत होतं.

सराव पाठ बघायला धुळ्याहून प्राध्यापक आले आणि मागच्या बाकावर बसले. पाठ झकास झाला. घंटाही झाली, पण पुढच्या तासाचे सर काही येईनात. मी खडू धरून तसाच उभा. पुढच्या पाळीचा माणूस आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, ही गिरणीची शिस्त माझ्या अंगात मुरलेली.

“सर, घंटा वाजी गई,” पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली.

“ऐकली मी. पण पुढच्या पाळीचा माणूस कुठाय?” मी खेकसलो. सगळा वर्ग खिदळला.

प्राध्यापक उठून पुढे आले. झालं, पाठ गेला, असं मला वाटलं. त्यांनी माझ्या हातातला खडू काढून घेतला आणि फळा पुसता पुसता म्हणाले, “पुढची पाळी माझी. तुम्ही सुटलात.”