बिनउंबऱ्याचं क्वार्टर

गागोद्याहून आम्ही निघालो तेव्हा पेणच्या एसटीच्या टपावर ट्रंकेशेजारी आमच्या मागच्या दाराचा सागवानी उंबरा बांधलेला होता. कंडक्टर हसला, काका तर पोट धरून हसले. पण आईने बजावलंच होतं, "उंबरा नाय त्या घरात मी पाय ठेवायची नाय." बाबा आदल्या वर्षी एकटेच खाणीवर नोकरीला लागले होते. तिथल्या क्वार्टरला उंबरा नाही, एवढं ते बोलून गेले आणि फसले.

गागोद्यातल्यांनो, खाण दोन दिवसांच्या प्रवासावर, आडरानातल्या डोंगरात. कॉलनी मात्र एकदम मॉडर्न. सपाट स्लॅब, सिमेंटच्या जाळ्या, आणि फरशी दारातून सरळ आत गेलेली. खाणीची लाल धूळ थेट भाताच्या पातेल्यापर्यंत यायची. बाबांनी पोचल्या पोचल्या दारातली फरशी फोडून उंबरा बसवला. आईने हळदकुंकू वाहिलं, मगच आत आली. तोच ओलांडून मी शाळेत गेले, पुढे नोकरीसाठी रोह्याला आले. बाबांनाही त्यावरूनच शेवटचं बाहेर नेलं.

खाण बंद पडली, आई माझ्याकडे आली. आता म्हणे सरकार ती कॉलनी जुन्या मॉडर्न बांधकामाचा वारसा म्हणून जतन करणार. करा की! पण आम्हा जुन्या रहिवाशांना त्यांचं पत्र आलं, मूळ आराखड्यात उंबरा नाही, काढून टाकत आहोत. म्हणजे जाळ्या जपायच्या आणि आम्ही तिथे जन्म काढला तो खोडायचा. कॉलनीतल्यांनो, तुमची तुळशीवृंदावनंही गेलीच असतील. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शिफ्ट बदलून घेतली, गेले आणि उंबरा घेऊन आले.

रोह्यातल्या माझ्या फ्लॅटलाही उंबरा नाही. सुतार बोलावला, तर तो आईच्या वॉकरकडे बघत राहिला. तिचा पाय आता दोन बोटंसुद्धा उचलत नाही.

"लाव गो तू," आई म्हणाली. "मी ऱ्हाईन आतच."

मी तिच्यावर ओरडले. तिचा काय दोष होता? पण ओरडायला दुसरं कुणी समोर नव्हतं.

उंबरा दाराशेजारी भिंतीला उभा टेकवलाय. रोज सकाळी आई वॉकर धरून तिथवर येते, त्याला उभ्याउभ्याच हळदकुंकू लावते. घर म्हणाल तर आमचं तेवढंच उरलंय, आणि ते बसवायला माझ्याकडे दार नाही.