रेंज खिंडीत मिळते

मंडळी, आज एका शब्दाने मला खिंड चढायला लावली.

मी परंदवडीजवळ एका कंपनीत बॅटरीचे सेल तपासते. लिथियम, कोबाल्ट, रेंज हे शब्द दिवसभर तोंडात. आणि आज संध्याकाळी, मावशीच्या नव्या घरी तिच्या डोळ्यांचे थेंब घेऊन जाताना, टाकव्याच्या पुढे माझ्याच इलेक्ट्रिक स्कूटरने दाखवलं: रेंज एक किलोमीटर.

बांधावर एक आबा गवत कापत होते. म्हटलं, "आबा, रेंज संपलीय. जवळ कुठे मिळेल?"

"हितं न्हाई मिळायची. वर खिंडीत जा, तितं लय रेंज हाय."

वा, खिंडीत चार्जिंग! स्कूटर ढकलत वर नेली. वर एक आंब्याचं झाड, खाली निळसर होत चाललेली भातखाचरं. बाकी काही नाही.

तेवढ्यात मोबाईल वाजला. मावशी! "अगं, कुटं हायेस? भाकरी टाकू का?"

तेव्हा कळलं, आबा कुठल्या रेंजबद्दल बोलत होते.

हसत हसत स्कूटर पलीकडच्या उतारावर सोडली. उतारावर ब्रेक दाबला की चाकं बॅटरीला वीज परत देतात, हे मी नव्या मुलींना कायम शिकवते. आज पहिल्यांदा अंगावर अनुभवलं. आवाज नाही, धूर नाही, नुसता भाताचा वास. कुठल्याशा दूरदेशीच्या मिठागरातलं लिथियम आमच्या खिंडीचा उतार घोट घोट पीत होतं. स्क्रीनवर एकाचे दोन झाले.

मावशीच्या दारात पोचले, तरी एक शिल्लक होता.

उद्या आबा भेटले आणि "मिळाली का रेंज?" म्हणाले, तर कुठली सांगू?