विटांवरची खुर्ची

फोन मंदानंच उचलला. सकाळची गाडी नुकतीच येऊन गेली होती, काउंटरपुढे बॅगा घेऊन माणसं उभी होती आणि मी चादरी उशिरा आणल्या म्हणून धोब्यावर ओरडत होतो. मंदा "हो... हो..." एवढंच म्हणाली. रिसीव्हर जागेवर ठेवून माझ्या आवाजाच्या दिशेनं वळली आणि म्हणाली, "शेठ, वासुदेवभाऊ गेले. पहाटं, झोपेतच." मी काही बोलणार तोच फोन पुन्हा वाजला. "नमस्कार, बोला. डबल रूम? किती मानसं हायेत?" तिचा आवाज जराही हलला नाही. समोरच्या सगळ्यांना किल्ल्या दिल्या आणि मगच ती मागच्या खोलीत जाऊन हमसून हमसून रडली. मला तेवढंही जमलं नाही. मी धोब्यालाच आणखी दोन गोष्टी सुनावल्या. सव्वा महिना झाला या गोष्टीला. बिचारा धोबी अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

शेगावात माझा अठरा खोल्यांचा लॉज आहे. माझं डोकं लवकर तापतं हे अख्ख्या गल्लीला ठाऊक, म्हणून माझ्याकडे काही मागायला सहसा कोणी येत नाही. वासुदेवभाऊ आले. लहानपणी पोलिओ झालेला, काखेत कुबडी, बाहेर मागच्या अंगाला दोन जादा चाकं लावलेली स्कूटर. पूर्वी त्यांचा एसटीडी बूथ होता. मोबाईल आले आणि बूथ बसला. घर बायकोच्या स्टेशनरीच्या दुकानावर चालायचं, आणि हे गृहस्थ आपल्यासारख्या अपंगांना कामाला लावण्यासाठी दारोदार फिरायचे. ते माझ्याकडे सोनाळ्याच्या मंदासाठी आले होते. मुलगी बारावी पास, आवाज गोड, डोळ्यांनी अजिबात दिसत नाही. मी म्हटलं, "भाऊ, हा लॉज हाये, आश्रम नाही." ते हसले. "म्हनूनच तं आलो. आश्रमात पगार भेटत नाही."

"आठ दिवस ठेवा," ते म्हणाले. "नाही जमलं तं नवव्या दिवशी तिले सोनाळ्याले मी सोता नेऊन सोडतो, आन् तुमाले पुन्हा तोंड दाखवत नाही." खरं सांगतो, मला मोह पडला तो या दुसऱ्या भागाचा. मी हो म्हटलं. तेव्हा मला माहीत नव्हतं की याआधी दोन ठिकाणांहून मंदाला परत पाठवलं होतं. "हे शेवटचं, यानंतर घरातच बस," असं तिच्या वडिलांनी बजावलं होतं. घरात बसणं म्हणजे काय, ते तिनं मला पुढं कधीतरी सांगितलं. सहा वर्षं ती खरोखर नुसती बसून होती. कोणी साधे तांदूळही निवडायला देत नव्हतं.

त्या पहिल्या दिवशी भाऊंना माझ्या खुर्चीतून उठताना दोन माणसांचा हात लागला. खुर्ची बुटकी होती. दुसऱ्या दिवशी स्कूटरला पिशवी अडकवून चार विटा घेऊन हजर! "शेठ, खुर्चीखाली ठेवू काय?" खुर्चीचे पाय घसरू नयेत म्हणून विटांना मधोमध खाचाही पाडून आणल्या होत्या. तेव्हापासून माझ्या लॉजच्या दारात विटांवरची खुर्ची आहे. गिऱ्हाईक हसतं. भाऊ मात्र तीवरून कोणाचा हात न धरता उठायचे आणि आमदाराच्या थाटात निघायचे. मंदाला त्यांनी किल्ल्यांच्या फळीपुढे उभं करून दोन तास एकेक खिळा बोटांनी ओळखायला लावला. तळमजला खाली, पहिला मजला वर, डावीकडून उजवीकडे. पाच दिवसांत ती माझ्यापेक्षा भराभर किल्ल्या द्यायला लागली.

सहाव्या दिवशी मला तिची दया आली... आणि माझा राग एकवेळ परवडतो, माझी दया नाही. वरच्या ओळीसाठी तिला टाचा उंचवाव्या लागतात हे पाहून, ती काउंटरवर यायच्या आधी, मी जास्त लागणाऱ्या खोल्यांच्या किल्ल्या हाताशी येतील अशा लावून टाकल्या. मनातून फार खूश होतो. सांगितलं मात्र नाही. तेवढ्यात गाडीतून तीन कुटुंबं एकदम उतरली. मंदानं फडाफड किल्ल्या दिल्या, सगळ्या चुकीच्या. दोन कुटुंबं कुलूप उघडेना म्हणून जिन्यात अडकली. तिसऱ्यातले आजोबा भलत्यांच्याच खोलीत शिरले. त्या खोलीतली मंडळी दर्शनाला गेलेली. आजोबांना वाटलं, टेबलावरचा चिवडा लॉजनंच ठेवलाय. ती मंडळी परतली तेव्हा आजोबा गादीवर ऐसपैस पसरून डबा संपवत होते!

मी गरजलो. "माझंच चुकलं," एवढं म्हणून मंदानं कपड्यांची पिशवी भरली आणि दारात उभी राहिली. भाऊ आले, आपल्या खुर्चीवर बसले, फळीकडे बघत राहिले. "ह्या किल्ल्या कोनं हलवल्या?" "मंदानं" या एका शब्दानं माझी लाज वाचत होती आणि त्याच शब्दानं मंदा सोनाळ्याला परत जात होती. मी म्हटलं, "म्या." "काऊन?" "तिले सोपं व्हावं म्हून..." भाऊ इतके हसले, इतके हसले की मला वाटलं आता विटांवरून खुर्ची पडते. मग डोळे पुसत म्हणाले, "शेठ, तिले इचारलं काय?"

मंदानं पिशवी खाली ठेवली. त्या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. वरच्या ओळीसाठी काय हवं, ते मी नंतर तिलाच विचारलं. तिला फक्त एक पाट हवा होता.

पुढं ती खुर्ची भाऊंचं ऑफिसच झाली. संग्रामपूर, जळगावकडून माणसं यायची. बुलढाण्याला अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी कोणत्या दिवशी जायचं, कोणते कागद न्यायचे, कोणती एसटी धरायची, सगळं त्यांना तोंडपाठ. पण आलेल्याला पहिला प्रश्न एकच, "काय काय येतं तुमाले?" काय येत नाही, हे त्या माणसाला जन्मभर सगळ्यांनी सांगितलेलंच असायचं. ऐकू न येणाऱ्या एकाला त्यांनी पेढ्याच्या दुकानात लावलं. मालक म्हणे, याच्याशी बोलायचं कसं? भाऊ म्हणाले, "तुमी कारागिराले शिव्याच देता ना? मंग बरंच हाये की!" चहा माझा, खुर्ची माझी, आणि आशीर्वाद मिळायचे त्यांना. मी कुरकुर करायचो, पण ते एक दिवस आले नाहीत तर मला करमायचं नाही. जाण्याच्या आठवडाभर आधी बशीतून चहा पीत म्हणाले, "आता तुमीच बोलत जा दुकानदारांशी. मले पायऱ्या चढवत नाहीत." मी म्हटलं, मी बोललो तर भांडण होईल. "होऊ द्या. आपलं तरी कसं जमलं?"

परवा दुपारी एक बाई आल्या. चाळिशीच्या, हातात काठी. "भाऊ बसतात थे इथंच काय?" भाऊ गेल्याचं त्यांना कळलं नव्हतं. मी सांगितलं. त्या तशाच परत फिरल्या. मी म्हटलं, बसा तरी. त्या विटांवरच्या खुर्चीत बसल्या. त्या खुर्चीत दुसरं कोणी बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो... शेवटी मीच विचारलं, "काय काय येतं तुमाले?" "शिवनकाम येते. पन पायमशीन नाही जमत, मोटारीची पाह्यजे." मागच्या गल्लीत शाळेचे गणवेश शिवणारा आहे, महाचिक्कट माणूस. त्याच्याशी कसं भांडायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होतो, तोवर त्या उठायला लागल्या. मी काउंटरमागून धावलो, त्यांचा दंड धरायला हात पुढे केला, आणि माझी पावलं ऐकून मंदा म्हणाली, "शेठ, इचारलं काय?"

माझा हात तिथंच थांबला. बाईंनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर दिला, सरळ उठून उभ्या राहिल्या आणि पदर नीट केला. मग मी विचारलं, "उद्या अकरा वाजता याल काय? आपन दोघं जाऊ त्याच्याकडे."

"हाव," त्या म्हणाल्या.