किडनीच्या गाठीचा अहवाल वाचून दाखविण्याबाबत

अर्जदार : मी स्वतः, सातवी पास, दौंड तहसील कचेरीसमोरील अर्जलेखक.
सामनेवाले : पुण्यातील ज्या रुग्णालयात माझी डावी किडनी काढली, तेथील मोठे डॉक्टर.
साक्षीदार : माझी पत्नी, शेजारच्या खाटेवरील शब्बीरमामा, राहणार शिरूर.
घटना : ऑपरेशननंतरचा सातवा दिवस, सोमवार, सकाळची फेरी.

डॉक्टरांनी माझ्या अंगावरची चादर ओढली. टाके विद्यार्थ्यांना दाखविले. गाठीचा अहवाल इंग्रजीत वाचला. माझ्या पोटावर बोट, नजर मात्र माझ्याकडे नाही.

मी विचारले, "साहेब, कॅन्सर कुठवर गेलाय? मी जगेन का?"

"अर्ज लिहिता ना? मग देवाला लिहा. तिथं लवकर मंजूर होतो."

विद्यार्थी हसले. पत्नीने पदर तोंडाला लावला. मी गप्प राहिलो. त्याची लाज मला आजही आहे.

दुपारी घरी सोडण्याचा कागद आला. त्यावर छापलेले : 'सर्व माहिती मला माझ्या भाषेत समजावून सांगितली आहे.' खाली सहीची जागा.

मजकूर वाचून दाखविल्याशिवाय मी आजवर कोणा निरक्षराचा अंगठा घेतलेला नाही. मी पेन खाली ठेवले.

"हे असत्य कथन आहे. सही होणार नाही."

सिस्टर म्हणाल्या, "आप्पा, खाट मोकळी करायचीय."

शब्बीरमामा उठून बसले. "आप्पा, हटू नगा. किडनी घेतली त्यांनी, आता तुमी अहवालाचा कागद तरी समजून घ्या की!"

अखेर एक तरुण डॉक्टरीणबाई अहवाल घेऊन आल्या. स्टुलावर बसल्या. ओळ न् ओळ मराठीत सांगितली. गाठ मोठी, पण किडनीच्या आतच. रक्ताच्या मोठ्या शिरेत शिरलेली नाही. हे माझ्या बाजूने. पेशी मात्र चारपैकी तिसऱ्या दर्जाच्या, म्हणजे उग्र. हे माझ्या विरोधात.

"खात्री कुणीच देणार नाही, आप्पा. तपासणी चुकवू नका."

बस्स. एवढेच तर विचारले होते. सातवी पास माणसाला ते समजले.

मी सही केली. वर स्वहस्ते लिहिले : 'मागितल्यावर, आज प्रथमच वाचून दाखविले.'

सबब विनंती की, अहवालाची मराठी प्रत मला मिळावी. भर वॉर्डात काढलेल्या उद्गारांचा खुलासा मोठ्या डॉक्टरांनी स्वतःच्या सहीने द्यावा. तोंडी दिलगिरी स्वीकारली जाणार नाही. दर महिन्याला स्मरणपत्र येईल. मी नसेन, तेव्हा पत्नी पाठवील.

माझ्या मृत्यूने हा अर्ज निकाली निघाला, असे समजू नये.