सास्तूरच्या रानात उचललेली गोष्ट

एसटीनं मला सास्तूरच्या थांब्यावर उतरवलं तेव्हा गावात माणूस नव्हतं. म्हणजे खरोखरच नव्हतं. भूकंपानंतर नव्यानं वसलेलं गाव. रस्ते सरळ, घरं ओळीनं आणि कुलपंही ओळीनं. हॉटेल बंद, किराणा बंद, रस्त्यात एक कुत्रं, तेही निघण्याच्या तयारीत. मी मधोमध उभा राहून दोन्ही हात पसरले आणि म्हणालो, "वा! हीच ती शांतता!"

कारण शांतता शोधायलाच मी निघालो होतो. गेलं वर्षभर मला कथा सुचली नव्हती. एका मित्राचं इथलं घर रिकामं होतं, त्यानं किल्ली दिली. निघताना मी बायकोला गंभीर आवाजात सांगितलं, "कथा घेऊनच परतेन." ती म्हणाली, "तूरडाळ पण घ्या. तिकडं चांगली मिळते."

बसलो. कागद काढला, पेन काढलं, खिडकी उघडली, पुन्हा लावली. दुपारपर्यंत कागदावर फक्त तारीख होती आणि पोटात काहीच नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या घरापुढं मोटारसायकल थांबली. चाळिशीचा एक गडी घाईनं आत गेला आणि विसरलेली पळी घेऊन बाहेर आला. मला पाहून दचकलाच.

"कवा आलाव? आन् आज गावात काय करलालाव?"

"लिहितोय."

"आज येळवस हाय, पाव्हणं! आज घरात कोण बसतंय? चला, बसा मागं."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. या भागात त्या दिवशी अख्खं गाव रानात जेवायला जातं आणि परका माणूस दिसला तर त्यालाही धरून नेतं. मी धरला गेलो.

गड्याचं नाव मारुती. तो मान मागं वळवून बोलत होता. रस्त्याकडं बघायचं काम माझ्याकडं होतं. त्याची थोरली बहीण शकूअक्का दिवाळीपासून माहेरी होती. ती ब्लाऊज शिवायची. सासरच्यांनी तिला न विचारता तिचं शिलाई मशीन विकलं, ती निघून आली.

"उद्या न्यायला यायलेत," मारुती म्हणाला. "येऊ द्या! म्या वट्ट्यावरच (ओट्यावरच) गाठतो. अक्काला बाहीर येऊच देणार न्हाय. सांगतो, माझी भैन माझ्या घरात ऱ्हाईल!"

माझे डोळे भरून आले. थोडी धूळही होती. आणि त्याच क्षणी माझ्यातला चोर जागा झाला: वर्षभर हुलकावणी देणारी कथा माझ्या पुढ्यात बसून गाडी हाणत होती!

रानात ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. मधोमध कोप (कडब्याची खोपी), आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. पंगतीत भज्जी आली. नावावर जाऊ नका. ही तळलेली नाही, कोवळे दाणे बेसनात आणि चिंचेत शिजवलेली दाट भाजी असते. सोबत बाजरीचे उंडे (वाफवलेले गोळे) आणि मडक्यातली आंबील (ज्वारीचं पीठ घातलेलं आंबूस ताक). मी हात आखडला तशी वाढणारी उंच बाई थांबली.

"घ्या की, पाव्हणं. लेखक झालाव म्हणून काय हवा खाताव का?"

हीच शकूअक्का.

जेवणं झाल्यावर मारुतीचे चुलते तात्या बाभळीला टेकले. "लेखक हाव ना? मग सांगा गोष्ट. शकू, तू हुंकार दे."

इथला जुना नियम असा: गोष्ट चालू असताना एकानं 'हं' म्हणत राहायचं. हुंकार थांबला की गोष्ट थांबली.

मी लगेच उचललेला माल काढला. गाव कोकणात नेलं, शिलाई मशीनची बाजाची पेटी केली, बाईचं नाव वसुधा ठेवलं. आता कोण ओळखणार? अक्का 'हं' म्हणत होती. पेटी विकली गेली तेव्हा तिचा 'हं' जरा उशिरा आला. मी रंगात आलो, उठलो, तात्यांचं उपरणं खांद्यावर टाकलं आणि भाऊ झालो: "माझी बहीण माझ्याच घरात राहील!"

हुंकार आला नाही.

"शकू, हुंकार दे की," तात्या म्हणाले.

"कशाला? ती बाई कुठं गेली?"

"ती आत आहे," मी म्हणालो. "अबोल आहे. तिचं मौन फार बोलकं आहे." शहरात या वाक्याला टाळी पडते.

"अबोल न्हाय. तुमी बोलूच दिलं न्हाय. पेटी इकली, कुणी इचारलं न्हाय. आता भाऊ ठेवून घ्यालाय, त्यानं बी इचारलं न्हाय. तुमी तर लिवणारे. तुमी तरी इचारायचं!"

मी खाली बसलो. "मग तिला काय हवंय?"

अक्का माझ्याकडं नाही, मारुतीकडं बघत होती. "तिला वट्ट्यावर यायचंय. सासूच्या डोळ्याला डोळा देऊन इचारायचंय, माझी मशीन कुणाला इचारून इकली? जायचं का ऱ्हायचं, ते ती मग ठरवंल."

पेटीचं पुन्हा मशीन झालं होतं. कुणी दुरुस्त केलं नाही.

मारुती काडीनं माती उकरत राहिला. बिचारा दिवाळीपासून ते भाषण घोकत असणार. मला त्याचं दुःख कळत होतं. माझंही भाषण नुकतंच पडलं होतं.

"अक्का, ते लई तोंडाळ हायत."

"मग म्या काय मुकी हाय?"

"बरं," मारुती म्हणाला. "उद्या तू बोल. म्या मागं उभा ऱ्हातो."

"हं!" तात्यांनी बाभळीखालून दणदणीत हुंकार दिला.

दुसऱ्या दिवशी थांबायचा मोह फार झाला, पण तात्यांनी मला पहिल्या एसटीत बसवलं. "तुमी समोर असलाव तर ती भांडण सोडून गोष्टच सांगंल." निघण्याआधी मी अक्काला विचारलं, आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला विचारलं असेल, "हे लिहू का?"

"लिवा. पर कोकणात नेऊ नका. तितं मला कोण वळखतंय?"

चार-आठ दिवसांनी मी मारुतीला फोन केला. "बोलली, पाव्हणं! लई बोलली. माझी पाळीच आली न्हाय."

"मग? गेली की राहिली?"

पलीकडून अक्कानंच फोन ओढून घेतला. "तुमाला काय घाई हाय? मशीन परत आणून देतो म्हणालेत. आणू द्या, मग बघीन."

तेव्हापासून कथा टेबलावर पडून आहे. पूर्वी शेवट मी सुरुवातीआधीच ठरवून टाकायचो, आणि माझ्या कथांतली माणसं बिचारी मुकाट त्या शेवटाकडं चालत जायची. आता शेवटचं पान कोरं आहे. परवा बायकोनं विचारलं, "संपली का हो?"

"नाही," मी म्हणालो. "अजून तिकडून निरोप आला नाही."