कपाटाची खालची फळी

आमच्या गल्लीतल्या काकूंनी जन्मभर शिंप्याच्या दुकानात काजं केली. काळ्या कोटावर काळ्या दोऱ्यानं, तीही चष्म्याशिवाय. डोळ्यांचा त्यांना भारी तोरा. शिंपी म्हणायचा, "बाई, तुम्ही कापड बघता की कापडाच्या आरपार?"

म्हातारपणी लेकानं त्यांना मागच्या खोलीत टाकलं. टाकलं हाच शब्द बरोबर आहे. खिडकी नाही, भिंतीत मोरीचं पाणी मुरलेलं आणि त्या भिंतीला टेकून कुजत चाललेलं लाकडी कपाट. दिवा घालवला की कपाटाची खालची फळी हिरवट उजळते, असं काकू सांगू लागल्या. सून बॅटरी घेऊन आली, झोत मारला आणि म्हणाली, "कुठंय उजेड? आई, डोकं फिरलंय तुमचं." बॅटरी लावून अंधारातला उजेड शोधणारी ही शहाणी! पण गल्लीभर बोभाटा झाला आणि लोक काकूंना 'दिवाबत्ती' म्हणू लागले.

सुनेला ती खोली हवी होती. लेक काकूंना वेड्यांच्या इस्पितळात घेऊन गेला. तिथला डॉक्टर भला माणूस. तो लेकाला म्हणाला, "ओल्या लाकडाला कधीकधी एक बुरशी धरते, ती अंधारात चमकते. दिवा घालवून अर्धा तास आईजवळ बसा. तुम्हालाही दिसलं, तर आई ठणठणीत आहेत. नाही दिसलं, तर इथं ठेवून घेऊ."

घरी येऊन काकूंनी दार लावलं, फटीत चिंध्या कोंबल्या. "बस रे, घाई करू नकोस." कित्येक वर्षांनी लेक इतका वेळ शेजारी बसला होता, म्हणून बाई खुशीत होत्या. हळूहळू फळीची कड उमटली, मग सगळी फळी, फिकट हिरवी. लेकाला ती स्वच्छ दिसली. मला हे ठाऊक आहे, कारण पुढे दारू पोटात गेल्यावर त्यानंच आम्हाला हसत हसत सांगितलं. मेल्याला लाज कशी ती नाही.

"दिसली ना?" काकूंनी त्याचं मनगट धरलं.

"नाही गं आई. काळाकुट्ट अंधार आहे नुसता."

काकू भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी त्याचं मनगट सोडलं. मग त्याच्या हातावर थोपटत म्हणाल्या, "मग माझेच डोळे गेले असतील रे. तू कशाला खोटं बोलशील?"

आणि समोर दिसत असलेल्या त्या फळीवरचे आपले कपडे त्या आंधळ्यासारख्या चाचपडत गोळा करू लागल्या.