उजवीकडून घर

भूकंपानंतर निलंग्याकडच्या एका गावात, पत्र्याच्या शेडमध्ये मी बालवाडी चालवायचे. तिथं दर बाजाराच्या दिवशी एक पेंटर यायचा. पिकलेली दाढी, नखांत निळा रंग. लातूरला क्लासचे बोर्ड रंगवतो म्हणाला, आणि तिथंच मला संशय आला. क्लासवाले आता चार वर्षांच्या पोरांनाही गाठायला निघाले की काय? फुकट कोण कशाला येतंय!

पुठ्ठ्यावर काढलेली चार चित्रं तो सतरंजीवर ओळीनं मांडायचा, बोटानं कडा सरळ करायचा आणि पोरांना म्हणायचा, "बोला, आधी काय झालं?" मग गप्प बसायचा. मी दारातून नजर ठेवून असायचे.

एक दिवस जवळ जाऊन ती ओळ पाहिली. डावीकडं नांदतं घर, मग बिनछपराच्या भिंती, मग अर्धी भिंत, शेवटी नुसते दगड. माझं डोकंच फिरलं. ज्यांची घरं पडली, त्याच पोरांना हे?

"चाचा, उचला हे! घर पडायची गोष्ट सांगायलात पोरांना?"

त्यानं चित्रांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मी उर्दू शाळेत शिकलो, बाई. उजवीकडून लावतो. मी तर घर बांधायलो. तुम्हीच पाडायलात."

मी पोरांना विचारलं. एका पोरीनं दगडांवर बोट ठेवलं. "आधी हे हाय, बाई," म्हणाली, आणि सरकत सरकत नांदत्या घरापर्यंत गेली.

त्या पोरांना अजून अक्षरं येत नव्हती. ती मीच शिकवणार होते, डावीकडून.